गावच्या तलावाचा हिशोब कसा मांडायचा (कुणी "पडीत जागा" म्हणायच्या आधी)

आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत विषय आला की रस्त्याकडेची बोडी बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढायचे. बोडी म्हणजे छोटा तलाव, आमच्या भंडारा-गोंदियाकडे असाच शब्द आहे. दहा-बारा जण उभे राहिले, नको म्हणाले, जनावरं पाणी पितात म्हणाले, आजोबांच्या काळापासून आहे म्हणाले, आणि मग समोरून एकाने शांतपणे विचारलं की बरं मग या बोडीतून गावाला वर्षाला किती रुपये मिळतात ते सांगा, गाळ्यांचं भाडं तर मी आत्ता सांगतो. सगळे गप्प. माहीत सगळ्यांना होतं पण आकडा कुणाकडेच नव्हता. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला तो आमच्या नशिबाने.

तर त्यानंतर वर्षभर मी वही घेऊन फिरलो. काय चुकलं, काय जमलं ते सगळं इथे लिहितोय, तुमच्याकडे तलाव असो, तळं असो, खाडीकाठची जागा असो की गोव्यातली खाजण (खाडीलगतची सखल, खारी जमीन) असो, पद्धत थोडीफार तीच.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की पाणथळ जागा म्हणजे नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाण्याची खाडी नाहीतर गोव्यातलं नंदा तळं असं काहीतरी बोर्ड लावलेलंच असतं. ती रामसर यादीतली नावं झाली. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागा जपायचा जो करार झाला त्यातली व्याख्या खूप मोठी आहे, नैसर्गिक असो वा माणसाने बांधलेलं, पाणी कायमचं असो वा काही महिन्यांचं, गोडं असो वा खारं, सगळं त्यात बसतं, समुद्राकडे तर ओहोटीच्या वेळी सहा मीटर खोल पाण्यापर्यंतचा भागसुद्धा. म्हणजे तुमच्या गावची ती चिखलाची, म्हशी बसतात ती जागा पण पाणथळच. उन्हाळ्यात कोरडी पडते म्हणून ती बाद होत नाही, उलट ते कोरडं पडणं महत्त्वाचं असतं, त्यावर पुढे येतोच.

आमच्याकडचे तलाव म्हणजे मामा तलाव. बाहेरच्या लोकांना गंमत वाटते, मामाचा तलाव म्हणजे काय. मालगुजारी म्हणजे इंग्रजांच्या काळातली जमीनदारीसारखी पद्धत, माजी मालगुजारीचं ते मा.मा. झालं आणि तोंडात मामा बसलं. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारोंनी आहेत. १९५० च्या सुमाराला मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ज्याचं त्याचं होतं ते कुणाचंच राहिलं नाही. हे सांगायचं कारण असं की पहिलं काम कागदाचं आहे.

कागद काढा. सातबारावर काय नोंद आहे, गाव नकाशात हद्द कुठपर्यंत आहे, आणि विदर्भात असाल तर निस्तारपत्रक नक्की मागा. त्यात गावाने कुठल्या जागेचा काय वापर करायचा याची नोंद असते, गुरांना पाणी, माती, गवत वगैरे. तलाठी पहिल्या फेरीत सापडत नाही म्हणेल, दुसऱ्या फेरीत सापडतं. सोबत वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या जुन्या रूढींची नोंद, पण बघा, त्यात पाण्याचे आणि मासेमारीचे जुने हक्क सापडू शकतात. मग गुगल अर्थ उघडा आणि जुन्या वर्षांचे फोटो बघायची जी सोय आहे तिच्यात पंधरा-वीस वर्षं मागे जा, पाण्याची कडा कुठे होती आणि आता कुठे आहे ते दिसतं. मी बघितलं तेव्हा आमच्या बोडीचा जवळजवळ एक कोपराच गायब होता आणि गावात कुणाच्या लक्षातही नव्हतं, कारण तिथे दरवर्षी थोडा थोडा मुरूम पडत गेला. फोटो काढताना महिना बघून घ्या हां, मे महिन्याचा फोटो ऑक्टोबरच्या फोटोशी लावला तर समोरचा तुम्हाला उडवून लावेल आणि बरोबरच करेल.

आता वही. वहीत मी सुरुवातीला खूप रकाने आखले होते, पक्षी, मासे, वनस्पती, सिंचन असं, सगळं वाया गेलं. शेवटी फक्त इतकंच ठेवलं: तारीख, कोण आलं, काय नेलं, किती नेलं, कुठे विकलं की घरी खाल्लं. आणि पानाच्या खाली त्या दिवशी दिसलेलं बाकी काहीही.

कुणाला विचारायचं हा खरा प्रश्न आहे. मी आधी मच्छीमार संस्थेच्या सचिवाकडे गेलो, त्यांनी रजिस्टर दाखवलं, त्यात रोहू, कटला, मृगळ, किलो, दर, सगळं नीट. मला वाटलं झालं काम. मग एका सकाळी साडेपाचला पारीवर (पार म्हणजे तलावाचा बांध) उभा होतो, दोन डोंगे (छोट्या होड्या) काठाला लागले, व्यापाऱ्याचा माणूस काटा घेऊन बसलेला, मोठे मासे त्याच्याकडे गेले, वजन झालं, लिहिलं. आणि पलीकडे तीन-चार बाया जाळ्यात अडकलेली बोटभर मासोळी आणि झिंगे एक एक सोडवून टोपलीत टाकत होत्या, ओल्या पदराखाली टोपली झाकून. त्यांच्याकडे ना काटा ना वही. मी एकीला विचारलं, मावशी हे लिहितो, किती असेल? ती म्हणाली, "हे का लिवाचं बापू, हे तर घरचं हाय." घरचं म्हणजे काय तर त्यातलं अर्धं घरी, अर्धं वाळवून आठवडी बाजारात, त्यावर पोरांच्या वह्या-पुस्तकं.

तेव्हा मला कळलं की तलावाचा जो हिशोब रजिस्टरमध्ये असतो तो वरवरचा असतो, खरा हिशोब या टोपल्यांमध्ये आहे आणि तो कुणीच लिहीत नाही, आणि म्हणून ग्रामसभेत तलाव शून्य रुपयांचा ठरतो. एक नमुना करून दाखवतो, आकडे समजा म्हणून घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा १२ बाया, प्रत्येकी रोज दीड किलो बारीक मासोळी, वर्षातले १२० दिवस, भाव १५० रुपये किलो. १२ गुणिले दीड म्हणजे १८ किलो, गुणिले १२० म्हणजे २,१६० किलो, म्हणजे ३ लाख २४ हजार रुपये. हे सगळं "घरचं हाय" मध्ये गेलेलं असतं.

तेव्हा विचारताना उत्पन्न किती असं विचारूच नका, कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर कमी सांगतात कारण वाटतं की हा टॅक्सवाला आहे की काय. विचारायचं की काल काय नेलं. फक्त काल. महिन्यातून चार दिवस ठरवून जा, त्यातला एक बाजाराच्या दिवशीचा पाहिजे. आणि ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांशिवाय बाकीचे विसरू नका, शिंगाडा लावणारे, कमळाची फुलं आणि पानं नेणारे, म्हशी घेऊन येणारे, विटांसाठी नाहीतर मडक्यांसाठी माती नेणारा, कपडे धुणाऱ्या बाया, देवधान झोडपून नेणाऱ्या म्हाताऱ्या. देवधान म्हणजे तलावात आपोआप उगवणारा रानभात, त्याला भाव चांगला येतो आणि उपासाला चालतो.

आता पाणी. इथे बरेच जण घाबरतात कारण गणित वाटतं, पण एक आकडा पाठ करा म्हणजे झालं: एक हेक्टर जागेत एक मीटर खोल पाणी म्हणजे एक कोटी लिटर. एवढंच. तुमचा तलाव ५ हेक्टर आणि सरासरी खोली दीड मीटर असेल तर साडेसात कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ७,५०० टँकर. सरासरी खोली काढायला डोंग्यात बसून वीस-पंचवीस ठिकाणी काठी टाकायची, काठीवर फुटांच्या खुणा करून घ्यायच्या, आणि फक्त मधेच टाकायची नाही तर काठाजवळ पण टाकायची, नाहीतर आकडा फुगतो. (मी पहिल्यांदा फुगवला. ग्रामसेवकाने पकडलं.)

पण हा ७,५०० टँकरचा आकडा जसाच्या तसा कुठे लिहू नका. आमच्या उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, म्हणजे मार्च ते मे मध्ये जवळजवळ मीटरभर फक्त वाफ. आणि तुडूम उघडून, म्हणजे तलावाची जी मोरी असते ती उघडून धानाला पाणी दिलं ते वेगळं. जे जमिनीत मुरलं ते विहिरीत दिसतं, म्हणून विहिरी मोजायच्या. तलावाच्या खालच्या अंगाच्या चार विहिरी आणि तलावापासून लांबच्या दोन घ्या, दोरीला दगड बांधून महिन्यातून एकदा एकाच तारखेला पाण्यापर्यंतचं अंतर लिहा. वर्षभराने जवळच्या आणि लांबच्या विहिरींतला फरक दिसला की तोच तुमचा पुरावा, भाषण करायची गरज राहत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये लांबच्या एका विहिरीत दगड कोरडा वर आला आणि खालच्या अंगाच्या विहिरीत अजून दोन पुरुष खोल पाणी होतं, त्या विहिरीचा मालक बोडी बुजवा म्हणणाऱ्यांपैकी होता, तो काही बोलला नाही पण पुढच्या महिन्यात दोरी धरायला स्वतः आला.

रुपयात मांडताना दोन चुका टाळा. एक, दोनदा मोजणं. तलावाच्या पाण्याची किंमत पण धरली आणि त्याच पाण्यावर झालेल्या धानाची पूर्ण किंमत पण धरली तर ते एकाच म्हशीचं दूध दोनदा विकल्यासारखं झालं, एकच काहीतरी धरा. दुसरी, खर्च वजा न करणं. जाळं, डोंग्याची डागडुजी, मत्स्यबीज, मजुरी वजा करून जे राहतं ते लिहा. आकडा लहान होईल पण टिकेल. आणि कृपा करून कार्बनचे कोट्यवधी रुपये वगैरे लिहू नका, चिखलात कार्बन साठतो हे खरं आहे पण अशा जागेतून मिथेनही निघतो, गावपातळीवर ते मोजायची सोय नाही, आणि एक आकडा हवेतला निघाला की बाकीची वही पण हवेत जाते.

जे रुपयात येतच नाही त्याचं काय? त्यासाठी मी एकच प्रश्न वापरतो: हे नसतं तर काय झालं असतं किंवा काय विकत घ्यावं लागलं असतं. मुंबईकरांना हे समजावायला लागत नाही, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीकाठची खाजणं आणि कांदळवनं बुजवल्याची किंमत अख्ख्या शहराने भरली. पाऊस कुठेही एवढा पडला तर पाणी तुंबणारच म्हणा, पण पसरायला जागा असती तर काही प्रमाणात तरी कमी झालं असतं. दुसरं उदाहरण कोलकात्याचं. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ जागा आहे, शहराचं सांडपाणी तिथल्या तळ्यांत जातं, ऊन आणि शेवाळ त्याला साफ करतात, आणि त्याच पाण्यात वाढलेले मासे परत शहराच्या बाजारात येतात. तेवढं काम करणारे सांडपाणी प्रकल्प बांधायचे तर काय खर्च येईल विचार करा, आणि ते प्रकल्प मासे देत नाहीत. ध्रुबज्योती घोष या इंजिनिअरने ही गोष्ट जगासमोर मांडायला उभं आयुष्य घातलं. आमच्या बोडीतही गावाचं एक गटार जातं, ज्या कडेला बोरूसारखं उंच गवत आहे तिथून पुढे पाण्याचा वास कमी होतो, हे नाकाने कुणीही तपासावं.

पक्षी मोजायचे का? मोजा, पण शेवटी मोजा. सुरुवात पक्ष्यांपासून केली की गावातली माणसं तुम्हाला कॅमेरेवाला समजतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, त्या दोन वेळा साधून शाळेच्या पोरांना घेऊन जा, ईबर्ड ॲपवर यादी टाका म्हणजे नोंद तारखेसकट कायमची राहते. थंडीत तलवार बदक, लालसरी येतात, अडई आणि कमळपक्षी तर वर्षभर असतात. आणि गोंदियाकडे असाल तर सारस. महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या या पट्ट्यात उरलाय, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, धानाच्या बांधीत (खाचरात) घरटं करतो आणि चरायला, रात्री उभं राहायला त्याला उथळ बोडी लागते. उथळ हा शब्द अधोरेखित करा.

कारण आता मी माझी तक्रार सांगणार आहे. तलावाला अतिक्रमणापेक्षा सुद्धा खोलीकरण आणि सुशोभीकरणाची भीती जास्त आहे असं माझं मत झालंय. गाळ काढायला माझा विरोध नाही, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत कित्येक शेतांना चांगला गाळ मिळाला, फुकटचं खत ते. पण जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात, तो सगळीकडे सारखं खणतो, आणि बशीसारखा तलाव बादलीसारखा होऊन बसतो. उभ्या कडेला ना गवत उगवतं ना मासा अंडी घालतो ना बगळा उभा राहतो, आणि पोरगं घसरलं तर वर यायला जागा नाही. जे काठाचं हातभर पाणी असतं, जे उन्हाळ्यात आटतं, तडकतं, गुरं चरतात, आणि पहिल्या पावसात परत भरतं, तिथेच सगळा जीव असतो. आपल्या देशी माशांपैकी किती तरी पहिल्या पुरात त्या उथळ गवतात चढून येतात. गाळ काढायचाच तर मधला काढा, कडेचा उतार राहू द्या, आणि एका वर्षी एकच बाजू. सुशोभीकरणाबद्दल तर बोलायलाच नको, चारी बाजूंनी दगडी भिंत, वर फरशीचा ट्रॅक आणि पाण्यात कारंजं, त्याला मी हौद म्हणतो.

बेशरमचं झुडूप दिसलं तर ते मात्र काढाच. जांभळी भोंग्यासारखी फुलं येतात, दिसायला छान, पण तलावाची कडा गिळून टाकतं आणि जनावरं तोंड लावत नाहीत. नुसतं कापून उपयोग नाही, तुकड्यातून परत फुटतं, मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवायचं. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बायांना सोबत घेऊन आमच्या भागातल्या तलावांत हेच केलं, बेशरम काढलं, तळाची कोरडी जमीन उन्हाळ्यात नांगरली, पावसाच्या तोंडावर देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणायला लागले. जमत असेल तर त्यांच्या कामाचे तलाव जाऊन बघा, शंभर पानं वाचण्यापेक्षा एक चक्कर बरी.

आता वही झाली, तिचं काय करायचं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती समिती कागदावरच असते, तरी तुमची नोंद त्या नोंदवहीत चढवून घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावात तिचा उल्लेख करा. जंगलाला लागून गाव असेल तर वनहक्क कायदा २००६ मध्ये सामूहिक हक्कांत पाण्यातले मासे आणि बाकी उत्पन्न स्पष्ट लिहिलंय, दावा करताना ही वही जोडा. कुणी गावतळ्यावर अतिक्रमण केलं तर सुप्रीम कोर्टाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आहे, गावाच्या सामाईक जागा मोकळ्या करा म्हणणारा, अर्जात त्याचा नुसता उल्लेख असला तरी टेबलावरची हालचाल बदलते.

एक खाचखळगा मात्र माहीत असू द्या. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यपालनासाठी खास बांधलेले जलसाठे वगळलेत, भातशेती पण वगळली आहे. म्हणजे मामा तलाव तर सिंचनाचाच असं म्हणून कुणीही हात झटकू शकतो. त्याला तोंड द्यायला बघा की तुमचा तलाव सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठा आहे का, कारण इस्रोच्या नकाशांवरून त्याहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलेलं आहे, त्या यादीत नाव असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात तेच पुढे करायचं. नसेल तर निस्तारपत्रक आणि ग्रामसभेचा ठराव, त्यातच दम आहे.

आमच्या बोडीचं म्हणाल तर वर्षभराने विषय परत सभेत आला तेव्हा मी वही वाचलीच नाही. टोपलीवाल्या मावशीलाच उभं केलं, तिने बाजारात वर्षभर काय विकलं ते तोंडपाठ सांगितलं, मी फक्त बेरीज केली. गाळे आता बसस्टँडच्या बाजूला होतायत, त्यावरही भांडण चालू आहे पण ते वेगळं.

सुरुवात जूनमध्ये करा, पहिला पाऊस पडायच्या आधी, म्हणजे सगळ्यात खालची पातळी हाती लागते, वर्षाचं गणित तिथूनच मोजायचं असतं. आणि विहिरीसाठी दोरी नायलॉनची घेऊ नका, ती ताणली जाते, माझी पहिल्या तीन महिन्यांची मापं त्यातच गेली. सुती नाहीतर काथ्याची घ्या, दर हातावर गाठ मारा, आणि दगड रंगवून ठेवा, नाहीतर पोरं आंबे पाडायला घेऊन जातात.